मस्कतची नोकरी आणि 'कौम की खिदमत'

आमच्या कोकणात आखातात जाणे ही बातमी राहिलेली नाही. श्रीवर्धन, म्हसळा, खेड, दापोलीकडच्या किती तरी मुस्लिम घरांतले कोणी ना कोणी कुवेत, दुबई, मस्कतला आहे किंवा राहून आलेले आहे. मशिदीच्या मिनारापासून लग्नातल्या सोन्यापर्यंत तो पैसा दिसतो. त्या पैशाला कोणी कधी नावे ठेवल्याचे मला आठवत नाही. पण त्याच वाटेने एक शिक्षिका, तीही एकटी, जाते म्हणाली की सगळ्यांना अचानक कौम आठवते.

स्थळ सांगून यावे तशी मला मस्कतमधल्या एका खाजगी शाळेची नोकरी सांगून आली. पहिली-दुसरीच्या मुलांना इंग्रजी शिकवायचे. माझे वय ४४. बी.ए. उर्दू, बी.एड.चे पद्धती विषय उर्दू आणि मराठी. उर्दू माध्यमाच्या शाळेत एकोणीस वर्षे मी मराठी शिकवते. इंग्रजीच्या नावाने माझ्याकडे बी.ए.चा सक्तीचा पेपर आणि १२० तासांच्या ऑनलाइन कोर्सचे प्रमाणपत्र, एवढेच आहे.

आधी हिशोब, कारण आपल्याकडे तो शेवटी करतात. पगार २८० रियाल. ओमानचा रियाल डॉलरशी बांधलेला आहे, १९८६ पासून एका रियालला सुमारे २.६० डॉलर. म्हणजे रियालला साधारण सव्वादोनशे रुपये धरले, तर महिन्याला सुमारे ६३ हजार. ऐकायला छान वाटते. पण राहायची सोय शाळा करणार नाही. दोघी-तिघींत मिळून खोली, जेवण, फोन, गाडीभाडे धरून १३० रियाल जातील. उरले १५०, म्हणजे ३३ ते ३४ हजार. टप्पा अनुदानावरच्या माझ्या शाळेत आज हातात २४ हजार पडतात. फरक नऊ-दहा हजारांचा. आणि एजंट मागतो दीड लाख. करार दोन वर्षांचा, त्यातले सव्वा वर्ष निव्वळ एजंटासाठी राबायचे.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते, कोणाच्या तरी उपयोगी पडेल. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाही. त्याचा परवाना केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. 'आपलाच माणूस आहे' हा परवाना नव्हे. आणखी एक. जानेवारी २०२१ पासून ओमानमध्ये करार पूर्ण केल्यावर दुसरीकडे जायला जुन्या मालकाचे ना हरकत पत्र लागत नाही. पूर्वी त्या एका कागदासाठी माणसे अडकून पडत.

२८० हा आकडा कुठून आला, हेही पाहिले पाहिजे. इंग्रजी शिकवण्याच्या बाजारात तुम्हाला शिकवता किती येते याच्या आधी तुमचा पासपोर्ट पाहतात. दक्षिण कोरियाचा परदेशी भाषाशिक्षकांचा व्हिसा इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका. भारतीयांना वाट मिळाली ती व्यापार करारातून, तीही 'सहायक' शिक्षक म्हणून. यामागची समजूत जुनी आहे. १९६१ साली युगांडात मकेरेरे इथे इंग्रजी अध्यापनावर परिषद झाली. इंग्रजी ज्याची मातृभाषा तोच तिचा आदर्श शिक्षक, हे तिथून पुढे गृहीत धरले गेले. रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये त्याला सरळ भ्रम म्हटले.

मला ते पटते, आणि पुस्तकापेक्षा माझ्या वर्गामुळे जास्त पटते. आमची मुले घरी कोकणी बोलतात, शाळेत उर्दू शिकतात, मदरशात अरबी अक्षरे गिरवतात आणि माझ्या तासाला मराठी. पहिल्या महिन्यात निम्मी मुले मराठीची वही उलट्या बाजूने उघडतात, कारण उर्दू उजवीकडून लिहायची सवय. 'ळ' जिभेवर बसायला वेळ लागतो. घरात नसलेली भाषा मुलाच्या तोंडी कशी आणायची, हेच मी एकोणीस वर्षे करते आहे. मस्कतच्या मुलाला इंग्रजी शिकवायला नेमके हेच लागते. पण अर्जात त्यासाठी रकानाच नाही.

अर्थात रकाना इथेही नाही. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. उर्दू शाळेत ती शिकवणारी बाई मात्र दर वर्षी संच मान्यतेच्या कागदावर आपले पद उरले का हे शोधते. आमच्या संस्थाचालकांना मस्कतचे कळले तेव्हा ते म्हणाले, "आपा, आप चली गयीं तो बच्चियों का क्या होगा? ये तो कौम की खिदमत है." गॅदरिंगला सावित्रीबाई आणि फातिमा शेख यांची नावे घेऊनही हेच सांगितले जाते. मुलींचे काय होईल हा प्रश्न खोटा नाही. मी गेले तर मराठीचा तास ज्याला मोकळा तास असेल त्याच्याकडे जाईल, हे मला माहीत आहे. पण त्याची चिंता एकट्या माझ्याच अंगावर का? अनुदान नव्हते त्या वर्षांत मी साडेतीन हजारांवर शिकवले. तेव्हा खिदमत मी केली आणि शाळेचे नाव संस्थेचे झाले. जो शब्द फक्त पगार मागितल्यावर निघतो, त्याला मी इबादतीचा दर्जा देणार नाही.

माझी अम्मी म्हणते, रिज्क जिथे लिहिले असेल तिथे माणूस जातो. तिला मी एवढेच सांगितले की लिहिलेला रिज्क मोजून घ्यायला मनाई नाही.

तर मी या वर्षी जात नाही. कारण २८० रियालमध्ये परवडत नाही, मुलगी दहावीला आहे, आणि राजीनामा दिला तर उद्या अनुदानाचा टप्पा वाढूनही ते पद माझे नसेल. कारणे एवढीच. त्यात त्याग शोधू नये. ४०० रियाल, राहायला घर आणि थेट शाळेचे पत्र आले, तर मी जाईन, आणि माझ्या जागी मराठीची रीतसर बी.एड. शिक्षिका नेमा असे लेखी देऊन जाईन.

एजंटाला नाही कळवले. संस्थेलाही एक अर्ज दिला आहे: शनिवारचे जादा तास, जे मी सहा वर्षे फुकट घेते, त्यांचे मानधन ठरवावे. अजून उत्तर आलेले नाही.