वाऱ्याची वेळ आणि आगीची जबाबदारी

कापसाची शेवटची वेचणी आटोपली कीं उभ्या पऱ्हाटीचें करावयाचें काय, हा प्रश्न खानदेशांतील शेतकऱ्यापुढें उभा राहतो. ती शेतांत ठेवावी तर गुलाबी बोंडअळीला पुढील हंगामापर्यंत आसरा मिळतो. उपटून वाहून न्यावी तर मजुरी परवडत नाहीं. मग ढीग रचून काडी लावणें सोपें वाटतें. जळगांव व धुळें जिल्ह्यांत ज्वारीचीं धसकटें आणि बांधावरचें वाळलें गवत हींही याच वाटेनें जातात. ढीग कोणत्या दिवशीं व कोणत्या प्रहरीं पेटविला, यावर शेजाऱ्याची कडब्याची गंजी राहणार कीं जाणार हें ठरतें; परंतु गंजी पेटली म्हणजे दोष मात्र वाऱ्याच्या माथीं मारला जातो!

हा बचाव आम्हांस मान्य नाहीं. खानदेशांतील उन्हाळ्याचा वारा हा अवचित येणारा पाहुणा नव्हे. सूर्य वर येतो तसतशी तापलेली जमीन हवेला वर ढकलते, वरचा वेगवान वारा खालीं उतरतो, आणि दुपारीं दोन-चारच्या सुमारास उष्णता, कोरडेपणा व वारा हीं तिन्ही एकदमच जोर धरतात. वैशाखांत जळगांव-भुसावळकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, हवा अगदीं कोरडी होते, आणि गवताची काडी ठिणगीचीच वाट पाहत असते. त्यांत एखादी वावटळ उठली तर जळतें पान बांध ओलांडून कोठें पडेल याचा नेम नाहीं. जें दरसाल त्याच ऋतूंत व त्याच प्रहरीं घडतें, त्याला दैवी आपत्ति कसें म्हणावें?

कित्येकांस वाटतें कीं वारा पडल्यावर रात्रीं पेटविलें म्हणजे भागलें. हाही भ्रमच होय. हिवाळ्याच्या रात्रीं जमिनीलगतची हवा थंड व तिच्यावरची उबदार असते. त्यामुळें धूर वर न जातां खालींच पसरतो. सुरत-नागपूर महामार्ग धुळें व जळगांव या दोन्ही शहरांवरून जातो. धुरांत समोरचा ट्रक दिसेनासा झाला तर आग शेतांतच राहील, पण प्राण रस्त्यावर जातील. शिवाय राखेखालीं उरलेला विस्तव दुसऱ्या दिवशीं दुपारच्या वाऱ्यानें पुन्हां जागा होतो.

म्हणून जाळणें अटळच असेल तर सकाळीं ऊन वर येऊन धूर सरळ चढूं लागल्यावर, वारा मंद व एकाच दिशेचा असतांना, आणि त्या दिशेस घर, गोठा वा केळीची बाग नाहीं हें पाहून जाळावें. ढीग लहान असावा, भोंवतीं नांगरलेला पट्टा असावा, हाताशीं पाणी व माणसें असावींत, आणि दुपार होण्यापूर्वीं राख पाण्यानें थंड करावी. हवामान खात्याचा अंदाज आतां मोबाईलवर मिळतो. उष्णतेच्या लाटेचा वा सोसाट्याच्या वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशीं काडीपेटीस हातच लावूं नये.

कायदा याबाबत मुका नाहीं. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २८७ व्या कलमानें, आगीबाबत जीवितास धोका होईल असा निष्काळजीपणा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. सातपुड्याच्या पायथ्याशीं राखीव जंगलास धोका पोंचेल अशी आग सोडून देणाऱ्यास १९२७ चा वन अधिनियम आहेच. परंतु खटल्यानें जळालेली गंजी परत येत नाहीं. ग्रामसभांनीं जाळण्याच्या वेळा ठरवून दवंडी द्यावी, हाच खरा उपाय.

आणि दोष एकट्या कुणब्याचा नव्हे. पऱ्हाटीचा भुगा करून ती मातींत मिसळतां येते; तिच्यापासून जळणाच्या कांड्याही होतात. त्यासाठीं लागणारें यंत्र एकट्यास परवडत नाहीं, तें गांवोगांव भाड्यानें मिळालें पाहिजे. ज्या झाडाच्या बोंडावर आमच्या शहरांतील जिनिंगचे कारखाने व पेढ्या चालतात, त्याच्या काटक्यांचा भार उचलण्यास सरकारबरोबर व्यापाऱ्यांनींही पुढें यावें. वाऱ्याला कोणी आवरूं शकत नाहीं; काडी ओढणारा हात मात्र आपल्याच अंगाला आहे.