घर आपले, पण मालकी कुणाची?



मागच्या पंधरवड्यात एक विधवा भगिनी पिशवीभर कागद घेऊन माझ्या घरी आल्या. त्यांचे यजमान कामगार होते. निवृत्तीच्या वेळी हाती आलेली फंडाची सगळी रक्कम घालून त्यांनी अमरावतीत बडनेऱ्याकडच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला होता. आता मुलीच्या शिक्षणासाठी त्या घरावर कर्ज मागायला गेल्या, तर बँकेतल्या साहेबांनी विचारले, "अपार्टमेंट डीड कुठे आहे?" बाई मला म्हणाल्या, "भाऊ, टॅक्स आमी भरतो, लाइटबिल आमच्या नावानं येते. मंग घर आमचं नाही त कोनाचं?"

मी मान खाली घातली. त्यांच्या करारनाम्यावर साक्षीदार म्हणून माझीच सही आहे. दुय्यम निबंधक कार्यालयाच्या पायऱ्या उतरताना "आता चिंता नाही, घर तुमचे झाले" असे मीच म्हणालो होतो. बी.कॉम. झालेला कारकून मी! हप्त्यांची बेरीज दोनदा तपासली, पण कागदाचे नाव नीट वाचले नाही.

करारनामा म्हणजे विकण्याचे वचन. तो नोंदवलेला असला तरी त्याने मालकी मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सूरज लॅम्प प्रकरणात हेच ठणकावून सांगितले. नोटरीच्या कागदावर किंवा मुखत्यारपत्रावर घेतलेल्या घराची गोष्ट तर त्याहून कच्ची.

अमरावती-अकोल्याकडे पुष्कळ इमारती 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली बांधल्या जातात. त्यात आधी संपूर्ण इमारतीचे घोषणापत्र, म्हणजे डिक्लरेशन, नोंदवावे लागते. जमिनीत प्रत्येक फ्लॅटचा अविभक्त हिस्सा किती, हे त्यात लिहिलेले असते. मग प्रत्येकाच्या नावाने अपार्टमेंट डीड होते. घोषणापत्रावर जमिनीच्या सर्व मालकांच्या सह्या लागतात. या बाईंच्या इमारतीची जमीन चार भावांची. तिघांनी सही केली, चौथ्याने केली नाही. पैसे घेऊन बिल्डर मोकळा झाला आणि बारा कुटुंबे अडकली.

अडचणी आणखीही असतात. कुठे जमीन नझूलची असते, कुठे अकृषक परवानगी नसते. कुठे मंजूर नकाशापेक्षा एक मजला जास्त चढवल्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र मिळत नाही. कुठे जमिनीवर बिल्डरच्या कर्जाचा बोजा असतो. अमरावतीला महानगरपालिका 1983 साली झाली, अकोल्याला 2001 साली. 2016 मध्ये भोवतालची खेडीही अकोल्याच्या हद्दीत आली. वावरांचे प्लॉट भराभर पडले, कागद मात्र मागे राहिले.

मग उपाय काय? बाराही घरांची बैठक आम्ही गच्चीवर घेतली. घोषणापत्रच नाही, म्हणून सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदवण्याचे ठरले. बिल्डर किंवा जमीनमालक हस्तांतरण करून देत नसेल, तर 1963 च्या मोफा कायद्यात 2008 साली झालेल्या दुरुस्तीनुसार जिल्हा उपनिबंधकांकडे मानीव अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. सहा महिन्यांत निर्णय द्यावा, असे कायदा म्हणतो. चकरा मात्र आपल्यालाच माराव्या लागतात, आणि एकट्याने मारून भागत नाही.

नवे घर घेणाऱ्यांनी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मंजूर नकाशा आणि घोषणापत्राची नोंदलेली प्रत आधी पाहावी. शेवटचा हप्ता डीडच्या दिवशीच देण्याची अट करारात घालावी. महारेरा क्रमांक विचारावा; पण जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर ती नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा लहान इमारतीत जास्तच सावध राहावे. घर पत्नीच्या नावाने घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून आहे.

त्या बाईंचे काम अजून झालेले नाही. मुलीच्या प्रवेशाचे पैसे सध्या नातेवाइकांनी उसने दिले आहेत. संस्थेच्या अर्जावर पहिली सही मात्र बाईंनीच केली. सही करण्याआधी त्यांनी मुलीकडून सगळा कागद मोठ्याने वाचून घेतला. मी त्या दिवशी तसे केले असते, तर आज ही वेळ त्यांच्यावर आली नसती.