करबुडवे शेजारी आणि आपले कर्तव्य

मोटारीवरील कर चुकवणाऱ्या शेजाऱ्याची तक्रार सरकारदरबारी करावी की करू नये, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. शेतमालाचे भाव, कंत्राटी कामगारांची पिळवणूक, शिक्षण आणि आरोग्याचे खासगीकरण असे जीवनमरणाचे प्रश्न उभे असताना पक्षाच्या मुखपत्राने अशा विषयावर लेखणी का उचलावी, असेही कोणी विचारील. परंतु महाराष्ट्राबाहेर, विशेषतः चेन्नईसारख्या महानगरात, नोकरीधंद्यानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी सभासदांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. एका बाजूला सार्वजनिक तिजोरीची उघड लूट दिसते, दुसऱ्या बाजूला चहाडी करण्याविषयीचा स्वाभाविक तिटकारा असतो. या दोहोंच्या मध्ये पक्षसभासदाने कोणती भूमिका घ्यावी, हा राजकीय प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर वर्गीय दृष्टीनेच दिले पाहिजे.

पुदुच्चेरीची पळवाट

प्रथम वस्तुस्थिती पाहू. वाहनांवरील कर हा राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टानुसार राज्यांच्या अधिकारातील विषय आहे. साहजिकच प्रत्येक राज्याचे दर निराळे आहेत. तामिळनाडूने 2023 च्या नोव्हेंबरमध्ये आपले दर वाढवले. 20 लाख रुपयांहून अधिक किमतीच्या मोटारीवर तेथे किमतीच्या 20 टक्के आजीवन कर द्यावा लागतो. म्हणजे एक कोटीच्या मोटारीवर 20 लाख रुपये. चेन्नईपासून सागरकिनाऱ्याच्या रस्त्याने सुमारे दीडशे किलोमीटरवर पुदुच्चेरी हा केंद्रशासित प्रदेश आहे. तेथे महागड्या मोटारींवर टक्केवारीऐवजी ठरावीक ठोक रक्कम घेण्याची पद्धत वर्षानुवर्षे चालत आली. परिणाम असा की, चेन्नईच्या बंगल्यात राहणारा धनिक पुदुच्चेरीत भाड्याच्या घराचा एखादा कागद तयार करतो, मोटार तेथे नोंदवतो आणि ती चेन्नईच्या रस्त्यांवर फिरवतो.

ही केवळ तामिळनाडूची कथा नव्हे. 2017 साली केरळात याच पळवाटेवरून मोठा गदारोळ उठला. चित्रपटसृष्टीतील काही नामवंतांच्या मोटारी पुदुच्चेरीत नोंदवलेल्या निघाल्या, गुन्हे दाखल झाले, आणि एका अभिनेत्याने साडेसतरा लाखांहून अधिक रक्कम केरळ सरकारकडे भरली. खासगी बसमालकांनीही हाच धडा गिरवला. बस दूरच्या एखाद्या राज्यात नोंदवायची, पर्यटनाचा अखिल भारतीय परवाना घ्यायचा आणि ती तामिळनाडूच्या शहरांदरम्यान रोजच्या प्रवासी वाहतुकीत घालायची. 2024 च्या जूनमध्ये तामिळनाडू सरकारने अशा पाचशेहून अधिक बसगाड्यांवर बडगा उगारला, तेव्हा या धंद्याचा विस्तार जनतेच्या लक्षात आला.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 47 नुसार एका राज्यात नोंदलेले वाहन दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवले, तर तेथे नव्याने नोंदणीक्रमांक घेणे बंधनकारक आहे. 2021 पासून बदलीच्या नोकरीतील लोकांसाठी 'बीएच' ही स्वतंत्र मालिकाही उपलब्ध आहे. तेव्हा परराज्याचा क्रमांक दिसला म्हणजे चोर सापडला, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. सांगलीहून आलेला गलाई कारागीर, पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेला अभियंता आणि पुदुच्चेरीचा खोटा पत्ता देणारा कोट्यधीश यांना एकाच दावणीला बांधता येणार नाही.

महाराष्ट्राची जबाबदारी

चेन्नईकडे बोट दाखवण्यापूर्वी मराठी वाचकाने आपल्या राज्याकडेही पाहिले पाहिजे. महाराष्ट्रात वैयक्तिक मोटारीवरील एकरकमी कराला कमाल मर्यादा आहे. ती दीर्घकाळ 20 लाख रुपये होती, 2025 च्या जुलैपासून 30 लाख करण्यात आली. याचा अर्थ काय? कामगार हप्त्याने मोटरसायकल घेतो तेव्हा महाराष्ट्र सरकार त्याच्याकडून किमतीच्या दहा-बारा टक्के कर वसूल करते. त्याला कोणतीही मर्यादा आड येत नाही. पाच कोटींची मोटार घेणारा मात्र वाढीव मर्यादेनंतरही सहा टक्केच देतो, आणि जुन्या मर्यादेत तर चार टक्केच देत होता. जितका श्रीमंत, तितका कराचा दर कमी! पुदुच्चेरी जशी चेन्नईच्या धनिकांची, तसा महाराष्ट्र हा कर्नाटकातील धनिकांचा आसरा बनला. 2025 साली बंगळुरूत फिरणाऱ्या, महाराष्ट्रात नोंदलेल्या एका फेरारीच्या मालकाकडून कर्नाटकच्या परिवहन खात्याने सुमारे 1 कोटी 41 लाख रुपये वसूल केले, ते याच कारणामुळे. 20 लाखांची मर्यादा ही कोणा शेजाऱ्याने केलेली चोरी नव्हती. ती विधिमंडळाच्या संमतीने दिलेली सवलत होती.

येथे आपण प्रश्नाच्या मुळाशी येतो. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आल्यापासून राज्यांच्या हाती स्वतःच्या कराची मोजकीच साधने उरली: मद्य, इंधन, मुद्रांक, वाहने. केंद्राने 2015 च्या अंदाजपत्रकात संपत्ती कर रद्द केला आणि 2019 च्या सप्टेंबरमध्ये कंपन्यांवरील मूळ कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला. अशा परिस्थितीत आलिशान मोटारीवरील कर हा संपत्तीला स्पर्श करणाऱ्या थोड्या करांपैकी एक उरतो. तोही बुडवला गेला, तर सरकारी बस, रुग्णालय आणि शाळा यांच्या खर्चाचा भार पेट्रोल भरणाऱ्या, काडेपेटी विकत घेणाऱ्या श्रमिकांवरच येतो. श्रीपेरुंबुदूर आणि ओरगडमच्या कारखान्यांत ज्या मोटारी कामगारांच्या घामातून तयार होतात, त्यांपैकी एकही विकत घेण्याची त्या कामगारांची ऐपत नसते. पण करबुडव्यांनी पाडलेले भगदाड मात्र त्यांनाच बुजवावे लागते. म्हणूनच श्रीमंताची करचुकवेगिरी ही त्याची खासगी बाब नव्हे. 'दुसऱ्याच्या खिशात आपण कशाला डोकवावे?' हा युक्तिवाद येथे गैरलागू आहे, कारण तो खिसा आपल्या सर्वांच्या पैशाने भरलेला आहे.

कर नाकारणे आणि कर चोरणे

काही तरुण मित्र विचारतील की, राज्ययंत्रणा भांडवलदारवर्गाची असताना तिच्या वसुलीची काळजी आपण का वाहावी? कर नाकारण्याची परंपरा तर क्रांतिकारकांचीच आहे. ही परंपरा आम्हाला ठाऊक आहे आणि तिचा अभिमानही आहे. 1848 च्या नोव्हेंबरमध्ये प्रशियाच्या राजसत्तेविरुद्ध करबंदीची हाक खुद्द मार्क्सने आपल्या वृत्तपत्रातून दिली. त्याबद्दल 1849 च्या फेब्रुवारीत कोलोन येथे त्याच्यावर खटला झाला आणि ज्यूरीने त्याला निर्दोष सोडले. 1928 साली बारडोलीच्या शेतकऱ्यांनी साराबंदी केली. 1930 साली तामिळभूमीत वेदारण्यमच्या किनाऱ्यावर मिठाचा कायदा मोडला गेला. परंतु या साऱ्या लढ्यांत एक समान सूत्र आहे: ते उघड होते, सामुदायिक होते, आणि त्यांची किंमत लढणाऱ्यांनी स्वतः मोजली. खोट्या पत्त्यावर मोटार नोंदवणारा यांपैकी काहीच करीत नाही. तो राज्यसत्तेशी लढत नाही. तिच्या पोलिसांचे, रस्त्यांचे आणि न्यायालयांचे सर्व लाभ घेऊन तो बिल मात्र इतरांच्या नावे फाडतो. ज्या वर्षी मार्क्सने करबंदीची हाक दिली, त्याच वर्षीच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात चढत्या श्रेणीच्या जबर प्राप्तिकराची मागणी आहे. या दोहोंत विसंगती पाहणाऱ्याला दोन्हींचा अर्थ कळलेला नाही.

त्याचबरोबर उघडपणे न्यायालयात दाद मागणे आणि चोरी करणे यांतही भेद केला पाहिजे. अभिनेते विजय यांनी इंग्लंडहून आणलेल्या रोल्स-रॉइस मोटारीवरील प्रवेशकराला 2012 साली मद्रास उच्च न्यायालयात आव्हान दिले. 2021 च्या जुलैमध्ये न्यायालयाने याचिका फेटाळून एक लाखाचा दंड ठोठावला आणि कडक शेरे मारले. पुढे द्विसदस्य पीठाने दंडाला स्थगिती दिली व 2022 च्या जानेवारीत ते शेरे काढून टाकले. कराच्या वैधतेविषयी न्यायालयात जाणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे. त्यासाठी कोणाला चोर ठरवणे गैर आहे. आमची तक्रार वेगळीच आहे: नऊ-नऊ वर्षे खटला चालवण्याची ऐपत रोल्स-रॉइसवाल्याला असते, परंतु थकबाकीच्या नोटिशीपुढे रिक्षाचालकाला ती नसते.

खबऱ्या आणि नागरिक

आता तक्रारीच्या प्रश्नाकडे वळू. खबऱ्याविषयीचा कामगारवर्गाचा तिटकारा अकारण निर्माण झालेला नाही. 1929 च्या मार्चमध्ये मीरत कटाच्या नावाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांचे नेते तुरुंगात टाकले गेले, ते हेरांच्या अहवालांच्या व चोरून उघडलेल्या पत्रांच्या आधारावर. आणीबाणीत 1975 ते 1977 या काळात पोलिसी संशयाच्या बळावर हजारो माणसे विनाचौकशी कोठडीत गेली. 1976 च्या 31 जानेवारीस तामिळनाडूचे सरकार बरखास्त झाल्यावर तेथेही तेच घडले. शेजाऱ्याने शेजाऱ्यावर नजर ठेवावी, निनावी चिठ्ठी पाठवावी आणि बक्षिसाची वाट पाहावी, ही व्यवस्था सत्ताधाऱ्यांच्या सोयीची असते. केंद्राच्या प्राप्तिकर खात्याने 2018 साली खबर देणाऱ्यांसाठी 50 लाखांपर्यंत बक्षीस ठेवले. ज्या सरकारने संपत्ती कर रद्द केला, त्यानेच नागरिकांना खबरीचे आमिष दाखवावे, यातील विसंगती उघड आहे.

शिवाय आज राज्ययंत्रणेला शेजाऱ्याच्या डोळ्यांची खरोखर गरज आहे काय? देशभरातील वाहनांची नोंद 'वाहन' या संगणकीय प्रणालीत आहे. टोलनाक्यावर फास्टॅगची नोंद होते, चौकाचौकांत क्रमांक वाचणारे कॅमेरे आहेत, विम्याची व दुरुस्तीची कागदपत्रे आहेत. पुदुच्चेरीचा क्रमांक लावलेली मोटार बारा महिने चेन्नईत आहे, हे शोधायला सरकारला काही दिवस पुरतील. शोध लागत नसेल, तर त्याचे कारण माहितीचा नव्हे, इच्छेचा अभाव हे आहे.

आणि आणखी एक धोका निक्षून सांगितला पाहिजे. परराज्याच्या क्रमांकावरचा राग बघता बघता परप्रांतीय माणसावरचा राग होतो. 1966 नंतर मुंबईत 'मद्रासी' म्हणून दाक्षिणात्य श्रमिकांवर आणि त्यांच्या हॉटेलांवर झालेले हल्ले मराठी कम्युनिस्ट विसरू शकत नाहीत. 2023 च्या मार्चमध्ये तामिळनाडूत बिहारी मजुरांवर हल्ले होत असल्याच्या खोट्या अफवांनी केवढा गोंधळ माजवला, हेही ताजे आहे. करचुकवेगिरीविरुद्धची मोहीम भाषिक विद्वेषाच्या वाटेने गेली, तर करबुडवा सुखरूप राहील आणि श्रमिक मात्र आपसांत लढतील.

मग करावे काय?

याचा अर्थ गप्प बसावे असा मुळीच नाही. गप्प बसणे म्हणजे लुटीत भागीदार होणे. पक्षसभासदाने पुढील भेद मनात पक्के ठेवावेत.

गरिबाच्या थकबाकीची तक्रार करू नये. चेन्नईच्या रिक्षाचालकाचे 2013 साली ठरलेले सरकारी भाडे वर्षानुवर्षे सुधारले गेले नाही, मात्र गॅस, सुटे भाग, विमा सारे महागले. त्याचा हप्ता किंवा कर थकला, तर त्याच्या दाराशी जाऊन कागदपत्रांत मदत करावी, युनियनमार्फत मुदत व दंडमाफी मिळवून द्यावी. तेथे आपले स्थान त्याच्या बाजूला आहे.

आलिशान मोटारींच्या आणि बसमालकांच्या संघटित करचोरीबाबत मात्र मौन पाळण्याचे कारण नाही. पण तक्रार करायची ती स्वतःच्या नावाने, सहीनिशी, पुराव्यानिशी आणि बक्षिसाचा रुपयाही न घेता. जे आपण त्या शेजाऱ्याच्या तोंडावर सांगू शकत नाही, ते त्याच्या पाठीमागे कार्यालयात लिहून देऊ नये. शक्य असेल तेथे प्रथम त्यालाच सांगावे. कायदा माहीत नसलेला माणूस त्यातून सुधारतो, आणि माहीत असून चोरी करणारा उघडा पडतो. पाण्याच्या नळावरून किंवा वाहनतळाच्या जागेवरून झालेल्या भांडणाचा सूड म्हणून केलेली तक्रार ही पक्षाची प्रतिष्ठा घालवणारी गोष्ट होय.

परंतु एकेका मोटारीमागे धावणे हे मुख्य काम नव्हे. शाखेने माहिती अधिकाराचा वापर करून परिवहन खात्याला विचारावे की, परराज्यात नोंदलेली किती महागडी वाहने तपासली आणि किती कर वसूल झाला. ती माहिती पत्रकाद्वारे वस्तीत न्यावी. राज्याराज्यांतील दरांची ही बोली थांबावी, महागड्या वाहनांवर सर्वत्र किमान समान दर असावा आणि महाराष्ट्रातील कमाल मर्यादा पूर्णपणे रद्द व्हावी, ही मागणी विधिमंडळात आणि रस्त्यावर लावून धरावी. आणि सर्वांत आधी, आपल्या स्वतःच्या वाहनाची कागदपत्रे चोख असावीत. ज्या सभासदाच्या दाराशी तेरा महिने परराज्याच्या क्रमांकाची गाडी उभी आहे, त्याला दुसऱ्याला उपदेश करण्याचा अधिकार नाही.

1923 च्या 1 मे रोजी कॉम्रेड सिंगारवेलर यांनी मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर देशातील पहिला मे दिन साजरा केला. जे सांगायचे ते भरसभेत सांगायचे, ही त्या किनाऱ्याची शिकवण आहे. करबुडव्याशी लढतानाही तीच रीत ठेवावी. त्याचे नाव अंधारात कुजबुजू नये, आणि उजेडात घ्यायला भिऊही नये.