करंज दारात, डिझेल आखातात!

‘पर्यायी इंधन’ हे शब्द उच्चारताच आमच्या योजनाकारांच्या डोळ्यांपुढे मोटार उभी राहते. गावातला अंधार उभा राहत नाही. जैवडिझेलच्या गेल्या दोन दशकांतील फसलेल्या कहाणीचे मर्म एवढ्यातच आहे.

२००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने राष्ट्रीय जैवडिझेल मोहिमेचा आराखडा मांडला. डिझेलमध्ये वीस टक्के मिश्रण करायचे आणि त्यासाठी एक कोटी हेक्टरांहून अधिक भूमीवर मोगली एरंड, म्हणजे जट्रोफा, लावायचा. केंद्रात तेव्हा आपल्या विचारांचे सरकार होते, हे लपविण्याचे कारण नाही. चूक ती चूकच. हेक्टरी पावणेचार टन बियांचा हिशेब कागदावर बसला. कोरडवाहू माळरानाने मात्र तो मान्य केला नाही. बी आले नाही, आले तेथे गिऱ्हाईक आले नाही आणि शेतकऱ्याने बांधावरची झुडपे उपटून टाकली. पुढे २००९च्या धोरणाने तेच वीस टक्के २०१७वर ढकलले. २०१८च्या धोरणाने पाच टक्क्यांवर समाधान मानले, तेही २०३०पर्यंत!

हा जट्रोफा मूळचा मध्य अमेरिकेतला, पोर्तुगीजांबरोबर इकडे आलेला. आमच्या ओढ्याकाठी पिढ्यान्‌पिढ्या उभा असलेला करंज मात्र समितीच्या लेखी दुय्यम ठरला. करंजाच्या बियांत तीस टक्क्यांच्या आसपास तेल असते. मुळांवरील गाठी नत्र धरून ठेवतात, पेंड शेताला उत्तम खत होते. त्याच तेलाचे दिवे आमच्या आज्या-पणज्या लावीत. ज्याने पूर्वी दिवा जळत होता त्यानेच आज जनित्र चालवावे, यात अशक्य ते काय?

अशक्य नाहीच, हे सिद्ध झालेले आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे प्राध्यापक उडुपी श्रीनिवास यांनी कर्नाटकातील खेड्यांत करंजतेलावर इंजिने चालवून दाखविली. दांडेलीच्या एका मिश्रधातू कारखान्याने आपली डिझेल जनित्रे याच तेलावर चालविली. आपल्या यवतमाळला लागून असलेल्या आदिलाबाद जिल्ह्यातील चालबर्डी या वनवासी गावात, गावकऱ्यांनीच वेचलेल्या बियांच्या तेलावर वीज निर्माण झाली. मुळात रुडॉल्फ डिझेलचे इंजिन १९००च्या पॅरिस प्रदर्शनात भुईमुगाच्या तेलावर चालले होते. खनिज तेलाची मक्तेदारी नंतरची.

येथे एक तांत्रिक भेद ध्यानी घेतला पाहिजे. मोटारीसाठी तेल पातळ करावे लागते. त्याकरिता मिथेनॉल लागते, तेलाच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा. आणि मिथेनॉलही आपण बहुतांशी आयातच करतो. स्वदेशी इंधनाला विदेशी शेपूट! उलट एका जागी, एका गतीने चालणाऱ्या सावकाश इंजिनाला नीट गाळलेले, तापविलेले शुद्ध तेलही चालते. नळी स्वच्छ ठेवावी लागते, काजळी काढावी लागते. पण ते काम गावचा मेस्त्री करू शकतो. म्हणजे करंजतेलाची खरी जागा महामार्गावरील टाकीत नसून गावच्या जनित्रात आहे.

यावर कोणी म्हणेल, आता तार गावोगाव पोहोचली, सौरपटल स्वस्त झाले, मग ही उठाठेव कशाला? सौरऊर्जेचे स्वागतच आहे. परंतु पटल रात्री वीज देत नाही आणि वादळात तार तुटली की आरोग्य केंद्रापासून भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यापर्यंत सारे जण डिझेलचे जनित्रच सुरू करतात. ते डिझेल येते कोठून? आपल्या गरजेचे ऐंशी टक्क्यांहून अधिक खनिज तेल बाहेरचे आहे. आखातात तोफ धडाडली की महागाई आमच्या माजघरात शिरते.

पामतेल जाळून जैवडिझेल करण्याचा उपदेशही अधूनमधून होतो. जो देश खाण्याच्या तेलाचा अर्ध्याहून अधिक भाग आयात करतो, त्याला हा उपदेश करणाऱ्यांच्या बुद्धीचे कौतुकच केले पाहिजे!

२०१३-१४मध्ये किमान आधारभूत किमतीच्या वनोपजांच्या यादीत करंज बी आले, हे योग्यच झाले. परंतु ते बी वेचणारी वनवासी भगिनी आजही ते व्यापाऱ्याच्या काट्यावर घालते आणि बी गावाबाहेर जाते. घाणा गावात हवा, पेंड गावच्या शेतात हवी, तेल गावच्या इंजिनात हवे. त्यासाठी ना कोटी हेक्टर लागतात ना परदेशी सल्लागार. ग्रामपंचायतीने पुढील पावसाळ्यात ओढ्याकाठी शंभर करंज लावावेत. ते फळाला येईपर्यंत उभ्या झाडांखाली पडून कुजणारे बी गोळा करावे. तेवढ्यावर घाणा चालू होऊ शकतो.