घटिकेएवढे काम

१९८०च्या दशकाच्या अखेरीस इटलीतील फ्रांचेस्को चिरिल्लो हा विद्यापीठीय विद्यार्थी अभ्यासाने जेरीस आला होता. पुस्तक समोर उघडे असे, वेळ सरत असे आणि हाती काही लागत नसे. अखेर त्याने स्वतःशीच पैज लावली: दहा मिनिटे तरी खरोखर मन लावून अभ्यास होतो का? वेळ मोजण्यासाठी त्याने स्वयंपाकघरातले, टोमॅटोच्या आकाराचे, पिळून लावायचे घड्याळ घेतले. पैज लगेच जिंकता आली नाही. पण त्यातूनच पुढे एक पद्धत आकाराला आली. टोमॅटोला इटालियनमध्ये पोमोदोरो म्हणतात, म्हणून पद्धतीचे नावही तेच.

पंचवीस मिनिटे एकच काम, मग पाच मिनिटे विश्रांती. असे चार फेरे झाले की पंधरा ते तीस मिनिटांची मोठी विश्रांती. नियम सोपा दिसतो, पण त्याच्या पोटात एक कडक अट आहे. फेरा अविभाज्य असतो. मध्येच काम सोडले, तर झालेली मिनिटे जमेस धरता येत नाहीत. तो फेरा रद्द होतो.

हा आकडा ऐकून पुष्कळांना घटिका आठवेल. साठ पळांची घटिका म्हणजे २४ मिनिटे. दोन घटिकांचा मुहूर्त ४८ मिनिटांचा, आणि सामायिकाचा काळही तेवढाच. हा निव्वळ योगायोग आहे. ‘आमच्याकडे हे आधीच होते’ असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. तरी एक साम्य लक्षात येते. सामायिकासाठी वाळूचे घड्याळ उलटे करणे काय किंवा तो टोमॅटो पिळणे काय, आरंभ हाताने करावा लागतो आणि करणाऱ्याला तो जाणवतो.

आता हा टोमॅटो कामांच्या यादीत शिरला आहे. टिकटिक या यादीच्या अॅपमध्ये असा टायमर अंगभूत आहे. विंडोज ११च्या घड्याळातील ‘फोकस सेशन्स’ मायक्रोसॉफ्टच्या ‘टू डू’ यादीशी जोडलेली आहेत. या जोडणीचा लाभ खरा आहे. साध्या यादीत ‘विजेचे बिल भरणे’ आणि ‘जीएसटीचे विवरणपत्र तयार करणे’ या दोन ओळी सारख्याच उंचीच्या दिसतात. प्रत्येकीपुढे फेऱ्यांचा अंदाज लिहिला की पहिली अर्ध्या फेऱ्याचीही ठरत नाही आणि दुसरी चार फेऱ्यांची ठरते. संध्याकाळी कळते की प्रत्यक्षात सात फेरे लागले. दुकानदाराला आपल्या वेळेचा असा जमाखर्च क्वचितच पाहायला मिळतो. पाच-सात फेऱ्यांहून मोठे काम तोडावे आणि एका फेऱ्याहून लहान कामे एकत्र बांधावीत, असे चिरिल्लो सांगतो.

अडचण व्यत्ययाची आहे. कागदावरच्या मूळ पद्धतीत व्यत्यय दोन प्रकारचे मानले जातात. काउंटरवर गिऱ्हाईक आले, तर तो बाहेरचा. त्यासाठी आडवी रेघ. काम चालू असताना फोन उघडून पाहण्याची हुक्की आली, तर तो आतला; त्यासाठी स्वल्पविरामासारखी वरची खूण. दिवसाअखेर वरच्या खुणाच अधिक निघाल्या की माणूस ओशाळतो, आणि तेच हवे असते. अॅपमध्ये मात्र बहुधा विरामाचे एकच बटण असते. गिऱ्हाईक आणि हुक्की त्याला सारखीच. शिवाय थांबवलेला फेरा पुन्हा जिथल्या तिथून सुरू होतो, म्हणजे अविभाज्यतेची अटच गळून पडते. जो आतला व्यत्यय मोजायचा, त्याचे आगर असलेला फोनच मोजणारा होतो, हे तर आणखी विचित्र.

याहून नाजूक प्रश्न आकड्यांच्या मालकीचा आहे. सीएच्या परीक्षेची तयारी करणारी मुलगी अॅपमध्ये रोजचे फेरे नोंदवते. एक दिवस वडिलांच्या नजरेस ती आकृती पडते: काल नऊ, आज सहा. ते प्रेमानेच विचारतात, ‘बेटा, आज तीन कमी कसे?’ दुसऱ्या दिवशी दहा होतात. त्यांतले किती पुस्तकापुढे आणि किती नुसते टायमरपुढे, हे तिलाच ठाऊक. स्वतःला ओळखण्यासाठी ठेवलेली वही पाहता पाहता हजेरीपट होते. कचेरीत वरिष्ठांना फेरे दिसू लागले की तिथेही हेच घडते, आणि सर्वांत आधी बळी जातो तो पाच मिनिटांच्या विश्रांतीचा. कारण तिची बेरीज कुणी मागत नाही.

अशा जोडणीत म्हणूनच दोन गोष्टी पाहाव्यात. पुढचा फेरा आपोआप सुरू होऊ नये. तो सुरू करणारे बोट माणसाचे असावे. आणि नोंद दुसऱ्या कुणाला दाखवायची की नाही, हे नोंदवणाऱ्याने ठरवावे. चिरिल्लो स्वतः मात्र हाताने पिळायचे घड्याळ, कागद आणि पेन्सिल यांनाच पसंती देत आला आहे. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून मेजावर तसे घड्याळ लावावे, आणि रात्री दोन मिनिटांत दिवसाचे फेरे यादीत उतरवावेत. यादीचे काम तेवढ्यानेही भागते.