व्यवसाय : शेती

परवा दवाखान्यातलं कपाट आवरताना एक जुना केस पेपर हाताला लागला. पेशंट पाथर्डीकडचा होता, नाव सांगत नाही. खोकला किती दिवस, संध्याकाळी ताप येतो का, घरात कुणाला टीबी होता का... सगळे प्रश्न माझ्याच अक्षरात. आणि 'व्यवसाय' या शब्दापुढे : शेती.

त्यात खोटं काहीच नव्हतं, दोन एकर कोरडवाहू होती त्याची. दसऱ्याला सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू केल्या आणि दिवाळी झाली की गडी गायब! मी चिडलो. "या लोकांना स्वतःचीच काळजी नाही" असं घरी जेवताना बोललोही. (सौ.ला आठवत असेल.) पाडव्यानंतर तो आला तो खोकल्यातून रक्त पडत असलेला. बायको म्हणाली, "डॉक्टर, तोडीला गेलतो. मुकादमाची उचल घेतलेली, मागं ऱ्हाऊन कसं चालंल?"

पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कितीतरी कुटुंबं दरवर्षी ऊसतोडीला जातात, हे मला माहीत नव्हतं थोडंच? पण "दिवाळीनंतर कुठं असता?" हा एक प्रश्न मी विचारला नाही. विचारला असता तर कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यात गोळ्यांची सोय करता आली असती. हिस्ट्री घेताना चूक पेशंटची नव्हती, माझी होती.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. छापील प्रश्न सगळ्यांना सारखे असतात, पण उत्तर ज्याच्या त्याच्या जगण्यातूनच काढावं लागतं. आजीबाईंना "किती महिने दुखतंय?" विचारलं तर "लई दिस झालं". "पोळ्याच्या आधी का नंतर?" म्हटलं की लगेच उत्तर! सून सासूबरोबर आली की सगळी उत्तरं सासूच देते. सासूबाईंना औषधं आणायला पाठवलं आणि सिस्टरना जवळ बसवलं की मग हळूच "अंगावरून पांढरं जातंय" बाहेर येतं. रिटायर्ड गुरुजी इंटरनेटवरून निदान करूनच येतात. त्यांना आधी पाच मिनिटं बोलू द्यावं, मधे तोडू नये.

आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केलं. गावातल्याच बायकांना, अगदी शाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाही, त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ साली दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्यातलं मर्म हे वाटतं की त्या बाईला हिस्ट्री 'घ्यावी' लागत नाही. कोण तोडीला जातं, कुणाच्या घरात खायला नाही, कोणती सून बोलत नाही, हे ती रोज बघतच असते.

डॉक्टर मित्र म्हणतील, साठ पेशंटच्या ओपीडीत हे करायचं कधी? खरं आहे. सगळ्यांना अर्धा तास मलाही देता येत नाही. पण पेन खाली ठेवून "आणखी काही सांगायचं राहिलं का?" विचारायला कितीसा वेळ लागतो? अर्धवट सुटलेल्या औषधाची किंमत त्याहून फार मोठी असते.

असो. तो केस पेपर मी फेकला नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलाय.