फुकट म्हणजे बेवारस नव्हे

आमच्या शाळेतील काही मुलांनी यंदा संगणकावर एक छोटा खेळ तयार करण्याचे मनावर घेतले आहे. पडद्यावर वरून मराठी अक्षरे पडतात. हवे ते अक्षर टोपलीत झेलून शब्द पुरा करायचा, अशी कल्पना. त्यासाठी मुलांनी ‘गोदो’ नावाचे मोफत गेम इंजिन निवडले. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारले, “गुरुजी, नावाजलेल्या कंपन्यांची इंजिने सोडून हे फुकटाचे कशाला? फुकटाच्या वस्तूचा भरवसा तो काय?” प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर सर्वच पालकांपर्यंत जावे, म्हणून ते येथे देत आहोत.

गेम इंजिन म्हणजे खेळाचा तयार सांगाडा. चेंडू खाली पडावा, भिंतीवर आपटून परत यावा, पाऊल पडताच आवाज व्हावा, ही कामे प्रत्येक खेळात लागतात. ती दर वेळी नव्याने लिहिण्यापेक्षा लोक तयार इंजिन घेतात व त्यावर आपला खेळ उभारतात. मात्र एकदा खेळ उभा राहिला की खालचे इंजिन बदलणे म्हणजे घराचा पाया बदलणे. म्हणूनच इंजिन कोणाचे आणि त्याच्या अटी कोणाच्या हातात, हे आधी पाहावे लागते.

युनिटी हे जगातील फार मोठ्या प्रमाणावर वापरले जाणारे इंजिन. १२ सप्टेंबर २०२३ रोजी त्या कंपनीने जाहीर केले की १ जानेवारी २०२४ पासून खेळ जितक्या वेळा नव्याने उतरवला जाईल, तितक्या वेळा शुल्क पडेल. साध्या परवान्यावर काम करणाऱ्यांच्या खेळाचे वर्षाचे उत्पन्न २ लाख डॉलर आणि एकूण उतरवणी २ लाख झाली, की पुढच्या प्रत्येक उतरवणीमागे २० सेंट. आता हिशेब करून पाहा. मोफत वाटलेला खेळ त्यानंतर आणखी १० लाख लोकांनी घेतला तर शुल्क होते २ लाख डॉलर, म्हणजे तेवढे सारे उत्पन्नच. शिवाय पूर्वी प्रसिद्ध झालेले खेळही यातून सुटणार नव्हते.

आपल्यापैकी कित्येकांच्या घरी दोन-चार आर्पां ऊस होता किंवा आहे. कारखान्याचा वाटा असतो, हे आपण जाणतो. पण ऊस काट्यावर गेल्यानंतर कारखान्याने म्हणावे की गेल्या सालच्या साखरेचा प्रत्येक चमचा कोणी खाल्ला तरी त्याचे पैसे तुम्ही द्या, तर आपण काय म्हटले असते? खेळ करणाऱ्यांनीही तेच म्हटले. दहा दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने अटी पुष्कळ सौम्य केल्या. ऑक्टोबरमध्ये मुख्य अधिकारी जॉन रिचितिएलो पायउतार झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये हे शुल्क पूर्णपणे रद्द झाले. मात्र त्याच वेळी वरच्या परवान्यांचे दर वाढले.

कंपनीने पैसे मागूच नयेत, असे आमचे म्हणणे नाही. इंजिन करणाऱ्यांनाही पोट आहे. अनरियल या दुसऱ्या मोठ्या इंजिनाचा सर्वसाधारण नियम असा, की खेळाची कमाई १० लाख डॉलरच्या पुढे गेली की वरच्या रकमेवर ५ टक्के. वाटा आहे, पण तो कमाईवर आहे. आमचा आक्षेप शुल्काला नसून, काम झाल्यावर अट बदलण्याला आहे.

गोदोची गोष्ट वेगळी. अर्जेंटिनातील हुआन लिनिएत्स्की व आरिएल मान्सुर यांनी ते तयार केले आणि २०१४ मध्ये एमआयटी परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले. या परवान्यात एवढेच म्हटले आहे की मूळ कर्त्यांची नोंद व परवान्याचा मजकूर सोबत ठेवा. बाकी वापरा, बदला, त्यावर खेळ करून विका. हातात आलेली आवृत्ती पुढे कोणी नव्या अटी लावून हिरावून घेऊ शकत नाही.

यात आम्हांला आपली बैठक दिसते. आपल्या आजोबा-पणजोबांनी उसाच्या मळ्यात दिवसभर राबून संध्याकाळी बैठकीत मुलांना अक्षरे शिकवली. शिकणाऱ्याला फी नव्हती. पण दिव्याचे तेल कोणी तरी आणत होते, चटई कोणी तरी झाडत होते. बैठक फुकट होती, बेवारस नव्हती. गोदोचेही तसेच. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘टेरारिया’ खेळ करणाऱ्या री-लॉजिक कंपनीने गोदोला १ लाख डॉलर दिले, वर दरमहा १ हजार देण्याचे ठरवले. तेलाचा खर्च असा निघतो.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. पुष्कळ कंपन्या नोकरी देताना युनिटी किंवा अनरियलचे ज्ञान मागतात. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांवर गोदोचा खेळ नेणे सरळ नाही, कारण त्या यंत्रांची माहिती गोपनीय असते व खुल्या इंजिनात ती घालता येत नाही. भव्य त्रिमिती खेळांसाठी अनरियल आजही पुढे आहे. तेव्हा मुलांनी पुढे ती इंजिनेही जरूर शिकावीत. परंतु पहिली अक्षरे गिरवण्याची पाटी स्वतःच्या मालकीची असावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. पाटीवर जे शिकले ते दुसरीकडेही उपयोगी पडते.

आणि घेतले तसे द्यावेही. गोदोच्या पडद्यावरील शब्दांची भाषांतरे स्वयंसेवक करतात. आमच्या मुलांना आम्ही सांगितले आहे, की खेळ पुरा झाला की प्रत्येकाने निदान दहा शब्द मराठीत करून पाठवायचे. पालकांनी त्या दिवशी शेजारी बसावे. मुलांना शब्द अडले, तर आजीला विचारता येईल.